हायब्रिडचं ॲव्हरेज अचानक घटलं

प्रश्न: माझी हायब्रिड गाडी लिटरला 23 किलोमीटर द्यायची, आता 17 वर आलीय. बॅटरी गेली का? – एक वाचक, काटेवाडी

उत्तर: घाबरू नका. बॅटरी बिघडली, तर बहुधा डॅशबोर्डवर इशाऱ्याचा दिवा लागतो. इथेनॉलमिश्रित पेट्रोलने ॲव्हरेज थोडं उतरतं, पण एवढं नाही. आधी टायर थंड असताना हवा तपासा. मग मागच्या सीटजवळची जाळी बघा. अनेक हायब्रिड गाड्यांत बॅटरी गार ठेवणारी हवा तिथूनच जाते, आणि ऊसतोडीच्या दिवसांतल्या आपल्याकडच्या धुळीबद्दल काय सांगावं! त्यात जाळीवर पिशव्या ठेवू नका. एखादं चाक जास्त तापत असेल, तर ब्रेक चिकटत असू शकतो. तरीही फरक पडला नाही, तर अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये बॅटरीची तपासणी करून घ्या. नारिंगी केबलना मात्र इतर कुणालाही हात लावू देऊ नका. त्यांतला विजेचा दाब जीवघेणा असतो.