मागेल तेव्हा देऊ नका

टेक्सासमधल्या आमच्या घरी काचेच्या टाकीत एक शिंगवाला बेडूक आहे. मूळ अर्जेंटिना, पॅराग्वे आणि बोलिव्हियात पसरलेल्या ग्रान चाको प्रदेशातला. इथल्या दुकानांत त्याला पॅकमॅन म्हणतात. आमची मादी आहे, त्यामुळे तळहात भरून उरते. लेकीनं नाव ठेवलं ठमी. तिला भरवता भरवता जे कळलं ते लिहिते.

१. भूक आपण ठरवायची. ठमी दिवसचे दिवस कोकोपीटमध्ये अंग गाडून बसते आणि समोर काही हललं की झडप घालते. पोट भरलं म्हणून तोंड फिरवणं तिच्या स्वभावातच नाही. चाकोत पावसाळा सरला की हे बेडूक जमिनीखाली महिनोन्महिने उपाशी राहतात, त्यामुळे मिळेल ते गिळणं हेच तिथलं शहाणपण. आमच्या टाकीतला पावसाळा मात्र कधी सरत नाही. पिल्लाला दिवसाआड द्यावं. पूर्ण वाढलेल्याला आठवड्यातून एकदा पुरतं. लठ्ठपणानं यांच्या डोळ्यांवर चरबीचे पांढुरके थर साचू शकतात. पाहुण्यांनी कितीही आग्रह केला तरी मी हात आखडताच ठेवते.

२. गांडुळासारखं अन्न नाही. जोडीला ड्युबिया झुरळं आणि रातकिडे. गोठवलेली उंदराची पिल्लं कधीतरीच, ती जड पडतात. गोल्डफिश नकोच, त्यातलं थायमिनेज ब१ जीवनसत्त्व मोडून टाकतं. अंगणातले किडे फवारणीमुळे बाद, आणि काजवे तर विषारीच.

३. आधी किड्यांना जेवू घाला. रातकिड्यांत फॉस्फरस जास्त, कॅल्शियम कमी. म्हणून त्यांना आदल्या दिवशी गाजर आणि हिरवा पाला घालते, मग पिशवीत कॅल्शियमची पूड टाकून हलवून घेते. हे टाळलं तर वाढत्या बेडकाची हाडं मऊ पडतात, जबडा वाकतो.

४. बोटं लांब ठेवा. खालच्या जबड्यात दातांसारखे दोन सुळे असतात. जिभेचं बळ तर नवलाचं: जर्मनीतल्या कील विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या मोजमापांत या वंशातल्या बेडकांच्या जिभेची ओढ सरासरी त्यांच्या स्वतःच्या वजनापेक्षा जास्त भरली. मी मऊ टोकाच्या लांब चिमट्यात गांडूळ धरून हलवते. ठमीच्या मागच्या पायाची बोटं थरथरू लागतात, अंग तसूभर पुढे सरकतं आणि फट्‌कन गांडूळ अर्धं आत. उरलेलं ती पुढच्या पायांनी कोंबते. गिळताना डोळे मिटतात आणि कवटीत खाली बसतात. त्या डोळ्यांच्या दाबानं घास घशात सरकायला मदत होते. कितीदा पाहिलं तरी मला पुन्हा पाहावंसं वाटतं.

५. कोकणातल्या शेतातला मोठा पिवळा बेडूक पाळता येईल का, असं भाचा विचारतो. नाही. त्याला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, आणि भाताच्या खाचरातच त्याचं काम आहे.

६. खाणं सोडलं तर घाबरून जबरदस्तीनं भरवू नका. आधी टाकीचं तापमान बघा: २५ ते २८ अंश हवं, थंडीत अन्न पचत नाही. पाणी क्लोरीन काढलेलं आहे ना, तेही बघा. कधी ती कात टाकत असते आणि तीच खाऊन टाकते. यातलं काहीच नसेल तर बेडकांची माहिती असलेला पशुवैद्य गाठा. कुत्र्या-मांजरांचे पुष्कळ डॉक्टर बेडूक बघत नाहीत, म्हणून असा डॉक्टर बेडूक घरी आणण्याआधीच शोधून ठेवावा.