ऊस नोंद संगणकात कशी सापडते?



सातबारा हाताने लिहिला जाई तेव्हा भूगावच्या शेतकऱ्याने गट नंबर सांगितला की तलाठी भाऊसाहेब सगळी वही चाळत बसत नसत. नेमके पान काढत. संगणकाचेही तसेच आहे. आय.बी.एम. कंपनीने १९८८ साली एएस/४०० हा धंद्याच्या हिशेबाचा मध्यम संगणक आणला. त्याच्या आरपीजी भाषेतील हुकूम आम्ही उदाहरणाने सांगतो.

समजा, ऊस नोंदी सभासद क्रमांकाने लावल्या आहेत आणि ४१२ क्रमांकाचे तीन प्लॉट आहेत.

१) चेन : ४१२ ची पहिलीच नोंद देतो. बाकीचे दोन प्लॉट राहतात.

२) सेट लोअर लिमिट : ४१२ जिथे सुरू होतो तिथे नुसते बोट ठेवतो, वाचत नाही. ४१२ नसेलच, तर बोट पुढच्या क्रमांकावर, म्हणजे ४१३ वर पडते.

३) रीड इक्वल : बोट ठेवल्यावर क्रमांक जुळेल तोवर एकेक नोंद वाचतो. ४१३ आला की थांबतो. इथे साधा 'रीड' वापरून क्रमांक पडताळला नाही, तर शेजाऱ्याचा ऊस आपल्या नावावर वाचला जाईल!

क्रमांकच चुकीचा लिहिला असेल, तर यंत्र तो दुरुस्त करीत नाही. यादीत न आलेला फड तोडणीवाचून उभा राहतो. म्हणून नोंदीची पावती घेताना सभासद क्रमांक, प्रत्येक प्लॉटचा गट नंबर, लागण तारीख आणि उसाची जात स्वतः वाचून घ्या. तीन प्लॉट असतील तर तीन नोंदी मोजा, ही नम्र विनंती.