एका गुणाचे मोल

विजय कोणाला प्रिय नसतो? परंतु स्वतःच्या विजयापेक्षा सत्य अधिक प्रिय मानणारा खेळाडू विरळाच. मोटारशर्यतींच्या इतिहासात अशा खेळाडूचे दर्शन इ. स. १९५८ साली घडले.

या शर्यतींच्या मोटारी आगळ्याच असतात. त्यांत एकाच माणसाला बसण्यापुरती जागा असते, आणि चारही चाके बाहेर उघडी असतात. १९५० सालापासून अशा मोटारींच्या चालकांसाठी विश्वविजेतेपद ठेवण्यात आले. १९५८ साली त्यासाठी निरनिराळ्या देशांत मिळून अकरा शर्यती झाल्या. प्रत्येक शर्यतीत पहिल्या पाच जणांना अनुक्रमे ८, ६, ४, ३ व २ गुण मिळत. सर्वांत वेगवान फेरीबद्दल आणखी एक गुण मिळे. प्रत्येकाच्या उत्तम अशा सहा शर्यतींचेच गुण अखेरीस धरले जात.

त्या वर्षी दोन इंग्रज तरुणांत चुरस लागली. स्टर्लिंग मॉस बहुतेक शर्यतींत व्हॅनवॉल ही हिरवी इंग्लिश मोटार चालवीत असे; माइक हॉथॉर्न इटलीची तांबडी फेरारी चालवी. हा खेळ म्हणजे मृत्यूशीच झुंज होती. जुलैमध्ये लुइजी मुस्सो आणि ऑगस्टमध्ये पीटर कॉलिन्स हे हॉथॉर्नचे दोन सहकारी शर्यतीतच प्राणांस मुकले. कॉलिन्स तर त्याचा जिवलग मित्र होता.

ऑगस्टच्या २४ तारखेस पोर्तुगालमधील पोर्तो शहराच्या रस्त्यांवर शर्यत झाली. मॉस पहिला आला आणि हॉथॉर्न दुसरा. पण शेवटच्या फेरीत हॉथॉर्नची मोटार घसरून बंद पडली होती. ती ढकलून सुरू करताना त्याने ती शर्यतीच्या उलट दिशेने नेली, असा त्याच्यावर आरोप आला. त्याचे गुण रद्द होणार, असे दिसू लागले. हे कळताच मॉस स्वतः पंचांकडे गेला. हॉथॉर्नची मोटार त्या वेळी शर्यतीच्या मार्गावर नसून कडेच्या पादपथावर होती, अशी साक्ष त्याने दिली. पंचांनी ती मानली, आणि हॉथॉर्नचे दुसऱ्या क्रमांकाचे सहा व वेगवान फेरीचा एक असे सात गुण वाचले.

ऑक्टोबरमध्ये मोरोक्कोतील कॅसाब्लांका येथे अखेरची शर्यत झाली. मॉसने ती जिंकली, वेगवान फेरीचा गुणही मिळविला. परंतु हॉथॉर्न दुसरा आला. हिशेब झाला तेव्हा हॉथॉर्नचे ४२ गुण भरले आणि मॉसचे ४१! मॉसने वर्षात चार शर्यती जिंकल्या होत्या, हॉथॉर्नने केवळ एक. पोर्तोचे गुण गेले असते, तर हॉथॉर्नजवळ ३९ गुणच उरले असते आणि मुकुट मॉसच्या मस्तकी चढला असता.

विजेतेपद मिळविणारा हॉथॉर्न हा पहिला इंग्रज चालक ठरला. त्याने लगेच शर्यतींचा निरोप घेतला. पण जानेवारी १९५९ मध्ये रस्त्यावरील अपघातात त्याला मरण आले. मॉस १९५५ पासून सलग चार वर्षे दुसराच राहिला आणि पुढेही विश्वविजेता कधी झाला नाही. २०२० साली तो निवर्तला. त्याच्या नावापुढे ते पद कधीच लागले नाही. परंतु ज्यांना ते लाभले अशा अनेकांहून त्याचे नाव आज अधिक आदराने घेतले जाते. एका गुणाने हरलेल्या या वीराने जे मिळविले, ते गुणांच्या तक्त्यात मावणारे नव्हते.