गोळ्या संपल्या, बोटं मात्र वाकलेली

मिरचीच्या हंगामात पिंपळगाव रेणुकाईच्या वस्तीत आम्ही हात तपासत फिरलो. एका मावशीची करंगळी आणि शेजारचं बोट तळव्याकडे वळलेलं. "कुष्ठाच्या गोळ्या संपल्या की, आता कशाला?" त्या म्हणाल्या. एमडीटीच्या सहा किंवा बारा महिन्यांच्या गोळ्यांनी जंतू मरतात. पण कोपराजवळची नस दुबळी झाली असेल तर बोटं आखडत जातात. हात नुकताच बधिर किंवा दुबळा झाला असेल तर लगेच सरकारी दवाखाना गाठा. सहा महिन्यांच्या आत स्टिरॉइडच्या गोळ्यांनी नस सुधारू शकते.

बोट दुसऱ्या हाताने सरळ होतंय तोवर ते आखडू न देणं आपल्या हाती आहे. रोज हात वीस मिनिटं साध्या पाण्यात भिजवा, तेल लावा, मांडीवर ठेवून बोटं हळूहळू सरळ करा. दिवसा कमावलेलं झोपेत मूठ मिटली की जातं. म्हणून रात्री बोटाखाली पन्हाळीसारखी, आत कापूस लावलेली पट्टी बांधायची. दवाखान्यात तिला स्प्लिंट म्हणतात; माप तिथेच घ्या. ताणून बांधू नका, बधिर बोटाला दुखलेलं कळत नाही. सकाळी पट्टी काढून लाली, फोड बघा. दिसले तर पट्टी बंद, दवाखान्यात दाखवा.

मावशींनी महिन्यात पट्टी सोडली. शेजारणी विचारतात म्हणून! औषध सुरू झाल्यावर हा रोग पसरत नाही, हे शेजारणींना आम्हीच जाऊन सांगितलं. पट्टी आता पुन्हा उशाशी आहे.