बोंडअळी पडद्यावर

चि. भाचीस,


तुझं पत्र मिळालं. बी.एड.चं दुसरं वर्ष लागलं, सोळा आठवड्यांची आंतरवासिता समोर आहे आणि तीही धुळे जिल्ह्यातल्या खेड्यात, हे वाचून फार आनंद झाला. जाण्याआधी कोणकोणती ॲप शिकून ठेवू, असं तू विचारलंस. ॲपची यादी तुला कुणीही देईल आणि वर्षभरात ती शिळीही होईल. त्यापेक्षा वर्गात यंत्र घेऊन गेलेल्यांनी काय केलं, ते ऐक.

तू जाते आहेस त्या धुळे जिल्ह्याचं नाव या बाबतीत राज्यभर गाजलं आहे. हर्षल विभांडिक मूळचे धुळ्याचे, न्यूयॉर्कला गुंतवणूक बँकिंगमध्ये काम करणारे. जिल्हा परिषदेच्या शाळा डिजिटल करायचं त्यांनी मनावर घेतलं. गावोगाव सभा घेतल्या आणि गावापुढे हिशेब मांडला : खर्चातले ७० टक्के गावाने उभे करायचे, ३० टक्के ते देणार. जिल्ह्यातल्या १,१०३ शाळांपर्यंत हे काम पोचलं. तुझ्या वाट्याला येणाऱ्या वर्गात पडदा किंवा प्रोजेक्टर असेल, तर त्यात गावाच्या लोकवर्गणीचा पैसा असण्याची दाट शक्यता आहे. म्हणून पहिल्याच दिवशी मुख्याध्यापकांना तीन गोष्टी विचारून घे : संच चालू आहे का, किल्ली आणि रिमोट कुणाकडे असतो, आणि शाळेचं वीजबिल कोण भरतं. यातल्या एकाचंही उत्तर नीट मिळालं नाही, तर तुझं सगळं टाचण कागदावरच राहील.

पण संच चालू असला तरी पुढचा प्रश्न उरतोच. दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाने गरीब मुलांसाठी लाखो लॅपटॉप वाटले. ग्रामीण भागातल्या ३१९ शाळांचा अभ्यास करून २०१२ मध्ये जो अहवाल आला, त्यात भाषा आणि गणित या दोन्ही विषयांत मुलांच्या गुणांवर काहीच परिणाम दिसला नाही. यंत्रं मुलांच्या हातात होती, मुलं ती वापरतही होती. पण त्यांच्या आधाराने वर्गात काय वेगळं शिकवायचं, याची बाजू लंगडी राहिली. ही गोष्ट आपल्याकडे व्हायला नको असेल, तर संच चालू करण्याआधी एक वाक्य टाचणात लिहायची सवय लाव : पडदा चालू असताना मूल काय करणार आहे? 'मूल पाहणार आहे' एवढंच उत्तर येत असेल, तर त्या तासाला पडदा बंद ठेवलेला बरा.

मग मुलाने करायचं तरी काय? सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले हे याचं चांगलं उदाहरण. ३ डिसेंबर २०२० रोजी त्यांना दहा लाख डॉलरचा 'ग्लोबल टीचर प्राइज' मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली, हे तुला ठाऊक आहे. त्यांनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणले, हेही सगळ्यांना माहीत आहे. पण कोड येण्याआधी त्यांनी काय केलं, ते कमी सांगितलं जातं. वर्गातल्या मुलांची घरची भाषा कन्नड होती, म्हणून ते ती भाषा शिकले आणि पहिली ते चौथीची पुस्तकं त्यांनी मुलांच्या भाषेत आणली. क्यूआर कोड त्यानंतरचा. आज बालभारतीच्या पुस्तकातला कोड तू 'दीक्षा' ॲपने उघडशील तेव्हा हा क्रम आठव.

हे तुला विशेष लागू आहे, कारण तू जिथे शिकवणार तिथे मुलांच्या घरात अहिराणी बोलतात, आणि शिरपूरकडच्या पाड्यांवर पावरी. पहिलीतलं मूल पुस्तकातली मराठी ऐकून गप्प बसतं, ते काही येत नाही म्हणून नव्हे. अशा मुलाच्या हाती मोबाईलचा रेकॉर्डर दे. घरी ऐकलेली गोष्ट त्याला घरच्या बोलीत सांगू दे, वर्गाला ऐकव, आणि मग सगळ्यांनी मिळून तीच गोष्ट मराठीत सांगायची. नेटवर्क लागत नाही, ॲप लागत नाही. शिवाय मुलाला स्वतःचा आवाज ऐकू येतो, आणि ते पुढच्या वेळी जरा मोठ्याने बोलतं.

याच कामाचा दुसरा भाग वरच्या वर्गांसाठी ठेव. तुझ्या विद्यापीठाला २०१८ मध्ये बहिणाबाई चौधरींचं नाव दिलं गेलं. असोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या काम करता करता गाणं रचत, ते घरातल्यांनी टिपून घेतलं, त्यात त्यांचे चिरंजीव सोपानदेवही होते. १९५१ मध्ये त्या गेल्या आणि पुढच्या वर्षी संग्रह निघाला. जेवढं टिपलं तेवढंच आपल्या हाती आलं. तू जाशील त्या गावातही जात्यावरच्या ओव्या पाठ असलेल्या आज्या असतील. सातवी-आठवीच्या मुलींना त्यांच्याकडे पाठव. परवानगी विचारायची, रेकॉर्ड करायचं, ऐकून कागदावर उतरवायचं, न कळलेला शब्द पुन्हा जाऊन विचारायचा. यात भाषेचा सगळा अभ्यासक्रम येतो. बघ करून.

विज्ञानाचा एक पाठ सविस्तर सांगतो, कारण तो धुळ्या-जळगावात जितका रंगेल तितका दुसरीकडे रंगणार नाही. दिवाळीच्या आगेमागे मुलांना शेतातून कपाशीची हिरवी बोंडं आणायला सांग. टेबलावर पांढरा कागद, त्याच्या दोन्ही बाजूंना पुस्तकांच्या दोन थप्प्या, त्यांवर आडवा मोबाईल, कॅमेरा खाली बघणारा. मोबाईल केबलने प्रोजेक्टरला जोड. बाहेरून धडधाकट दिसणारं एखादं बोंड ब्लेडने मधोमध चीर. आत गुलाबी अळी असली, तर सेंटिमीटरभर लांबीचा तो जीव पडद्यावर हातभर होतो आणि शेवटच्या बाकावरच्यालाही त्याचे पाय मोजता येतात. आत शिरतानाचं भोक बुजून जातं, म्हणून बोंड बाहेरून चांगलं दिसतं, हे मुलं स्वतःच शोधून काढतील. एखादा शेतकऱ्याचा मुलगा डोमकळीबद्दल, म्हणजे आत अळी असल्याने न उमललेल्या फुलाबद्दल, तुलाच सांगेल, तेव्हा त्याला पुढे बोलव आणि तू मागच्या बाकावर जाऊन बस.

मग खरा प्रश्न येईल. बीटी कपाशीला आपल्याकडे २००२ मध्ये परवानगी मिळाली ती बोंडअळीसाठीच, तर मग २०१७ मध्ये महाराष्ट्रभर बोंडअळीने कपाशी का खाल्ली? हे उत्तर पडदा देणार नाही, ते तुला यायला हवं. बीटीच्या विषाला दाद न देणाऱ्या थोड्या अळ्या वाचतात, त्यांचीच पिल्लावळ वाढत जाते. ती वाढ रोखण्यासाठी तेव्हा बांधाकडेला नॉन-बीटी कपाशी लावायची असे, आणि ती बहुतेक जण लावत नसत. 'तुमच्या बांधाला लावली होती का?' एवढं विचारून तास संपव. त्या संध्याकाळी घरोघरी तुझ्या पाठाची चर्चा होईल.

भूगोलात इस्रोचं 'भुवन' किंवा गुगल अर्थ घे. मुडावदला पांझरा तापीला मिळते, तिथून पांझरेच्या काठाने वर वर जात राहा. बंधारे, पाट आणि त्यांच्या खालचे फड दिसतील. शेकडो वर्षं गावांनी मिळून पाणी वाटून घेतलेली ही फड पद्धत पुस्तकात दोन ओळींत उरकली जाते. चित्रं आदल्या रात्री मोबाईलमध्ये साठवून ठेव. शाळेत रेंज मिळेल या भरवशावर राहू नकोस.

आता तुझ्या स्वतःच्या तयारीचं. सूक्ष्म अध्यापनाचं छत्तीस मिनिटांचं चक्र तुम्ही गिरवलं असेल : सहा मिनिटं पाठ, सहा प्रत्याभरण, बारा पुनर्नियोजन, सहा पुन्हा पाठ, सहा पुन्हा प्रत्याभरण. स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६०च्या दशकात ही पद्धत घडली तेव्हा तिच्या मुळाशी व्हिडिओ कॅमेरा होता. शिकवणाऱ्याने स्वतःचा पाठ पडद्यावर पाहावा, ही त्यातली मुख्य गोष्ट. आपल्याकडे पद्धत आली, पण कॅमेरा परवडणारा नव्हता. म्हणून बाकावरच्या मैत्रिणीने तक्त्यावर खुणा करायच्या, असं ठरून गेलं. मैत्रीण भिडेखातर चांगलंच लिहिते. आज कॅमेरा तुझ्या पर्समध्ये आहे. मोबाईल मागच्या भिंतीशी, स्वतःकडे रोखून ठेव आणि एकच गोष्ट मोज : प्रश्न विचारल्यावर तू किती सेकंद थांबतेस. बहुतेक नवे शिक्षक दोन सेकंदही थांबत नाहीत, उत्तर स्वतःच देऊन टाकतात. तंत्रज्ञानाचा हा उपयोग सगळ्यात आधी शीक, बाकीचं सगळं नंतर.

मुलांचे चेहरे मात्र त्या चित्रणात येऊ देऊ नकोस. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते असं म्हटलं आहे. कायदा बाजूला ठेवला, तरी चुकीचं उत्तर देताना भांबावलेलं मूल व्हॉट्सॲपच्या गटावर फिरावं, हे कुठल्याही शिक्षिकेला शोभणार नाही. गटावर फोटो टाकायचा आग्रह होईल, तेव्हा मुलांनी काढलेल्या चित्रांचे, लिहिलेल्या कागदांचे फोटो टाक.

मुलांना मोबाईल येत नाही अशा समजुतीत जाऊ नकोस. २०२४ च्या 'असर' पाहणीत ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयाच्या ८२ टक्के मुलांनी स्मार्टफोन वापरता येतो असं सांगितलं. त्यांच्यापैकी आधीच्या आठवड्यात त्यावर शिक्षणाचं काही केलेली ५७ टक्के, समाजमाध्यमं पाहिलेली ७६. बटणं त्यांना तुझ्याइतकीच येतात. आलेला संदेश खरा कसा पडताळायचा, कापसाचा भाव कुठल्या संकेतस्थळावर खात्रीचा मिळतो, हे त्यांना कुणी दाखवलेलं नसतं. ते तू दाखव.

तयार टाचण देणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेचं विचारलंस. वापर, पण तुझं लिहून झाल्यावर, तुझ्या टाचणात काय राहून गेलं ते बघायला. त्या यंत्राला तुझ्या वर्गातली मुलं माहीत नाहीत, आणि पाठाची सुरुवात तर त्यांच्यापासूनच करायची असते.

अशी मुलांपासून सुरुवात करणारे साने गुरुजी १९२४ मध्ये अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते 'छात्रालय' नावाचं दैनिक स्वतःच्या हाताने लिहून काढत. त्यांच्या हाती दौत आणि टाक एवढंच होतं. अमळनेर तुझ्या वाटेवर आहे, एकदा उतरून ती शाळा पाहून ये.

निघण्याआधी एवढं बरोबर घे : मोबाईल प्रोजेक्टरला जोडायची केबल, लांब वायरीचा एक्स्टेन्शन बोर्ड, छोटा स्पीकर, आणि वीज गेली तर त्याच पाठाचं फळ्यावर चालेल असं दुसरं टाचण. पहिल्या पाठाचं चित्रण पाहून झालं, की तो सेकंदांचा आकडा मला कळव. बाकीचं मग दिवाळीत प्रत्यक्ष बोलू.

तुझा,
मामा