नाकाचा विकार आणि डोळ्यांचे रक्षण

तेरेखोल नदीच्या मुखाशी वसलेल्या आमच्या केरी गावात पावसाळा लागला, की घरोघरी सर्दी-पडसे सुरू होते. बहुतेकांचे पडसे आठवड्याभरात ओसरते. परंतु काहींचे नाक महिनोन् महिने चोंदलेले राहते, कपाळ व गाल जड होतात. हा विकार १२ आठवड्यांहून अधिक टिकला, तर त्यास जुना सायनसदाह म्हणतात. त्याची आम्ही हयगय करतो. पण त्याचा उपद्रव कधी कधी डोळ्यापर्यंत पोहोचतो, हे आम्हांस ठाऊक नसते.

आपल्या नाकाभोवतीच्या हाडांत हवेने भरलेल्या पोकळ्या असतात. त्यांनाच सायनस म्हणतात. त्या गालांत, कपाळात, दोन्ही डोळ्यांच्या मध्ये व नाकाच्या मागे खोलवर असतात. पैकी डोळ्यांमधील पोकळ्या आणि डोळ्याची खोबण यांच्यामध्ये हाडाचा एकच पातळ पडदा असतो. तो इतका नाजूक, की शरीरशास्त्रज्ञांनी त्याला लॅटिन भाषेत 'कागदी पत्रा' असेच नाव दिले आहे. या पडद्यातून, तसेच झडपा नसलेल्या शिरांवाटे, रोगजंतू खोबणीत शिरू शकतात. मुलांमध्ये असे विशेषेकरून घडते.

प्रारंभी पापणी लाल होऊन सुजते. पुढे डोळा हलविताना दुखतो, बाहेर आल्यासारखा दिसतो, एका वस्तूच्या दोन दिसू लागतात, दृष्टी मंदावते. खोबणीत पू साचून दृष्टीच्या मज्जातंतूवर दाब पडला, तर अंधत्व येऊ शकते. आणि संसर्ग मेंदूकडे गेला, तर जीवावर बेतते. कधी जुन्या विकारात बंद पोकळीत श्लेष्मा साठत जातो व डोळा वेदनेवाचून हळूहळू एका बाजूस सरकतो.

२०२१ साली करोनाच्या साथीत 'काळी बुरशी' हा रोग महाराष्ट्रात व गोव्यातही आढळला. तोही नाकातून सायनसमध्ये व तेथून डोळ्यांत पसरे. अनियंत्रित मधुमेह असलेल्यांना त्याचा धोका अधिक होता. कित्येकांचे प्राण वाचविण्यासाठी डोळा काढावा लागला.

मग उपाय कोणता? सर्दीबरोबर पापणी सुजली, तर शेक, लेप वा पाल्याचा रस यांत वेळ दवडू नये. त्याच दिवशी वैद्यकीय सल्ला घ्यावा. दृष्टी मंदावली किंवा डोळा पुढे आला, तर म्हापशाचे जिल्हा रुग्णालय अथवा बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय तत्काळ गाठावे. तेथे नाक-कान-घसा व नेत्र या दोन्ही शाखांचे तज्ज्ञ मिळून तपासणी करतात, शिरेवाटे औषध देतात आणि आवश्यक तर दुर्बिणीने नाकातूनच पू काढतात.

नित्याच्या जीवनातही काही नियम पाळावेत. उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ घालून नाक धुवावे, धूर टाळावा, डॉक्टरांनी दिलेले औषध मध्येच सोडू नये. पडसे क्षुल्लक असेल. दृष्टी मात्र अमोल आहे. आजच्या एका दिवसाच्या दक्षतेने आयुष्यभराचा प्रकाश राखता येतो, हे आपण विसरू नये.