सरकारी वकील कुणाच्या बाजूचा?

तायांनो, गटाच्या बैठकीत कोर्टाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "सरकारी वकील म्हणजे पोलिसांचाच माणूस." म्हणून या वेळी पाठ त्यावरच आहे.

आधी नाशिकची गोष्ट वाचा. मोखाड्याहून त्र्यंबक ओलांडलं की नाशिक. दिवाळीनंतर आपल्याकडची कितीतरी कुटुंबं जगायला तिकडेच जातात, कुणी मळ्यात, कुणी बांधकामावर. तेव्हा ही काही लांबची गोष्ट नाही.

जून २००३ मध्ये नाशिकजवळच्या एका बागेतल्या झोपडीवर रात्री दरोडा पडला. घरातल्या पाच जणांचा खून झाला, बायकामुलींवर अत्याचार झाला. आई आणि एक मुलगा तेवढे वाचले. पोलिसांनी सहा जणांना पकडलं. सगळे भटक्या जमातीतले, मजुरी करणारे, गरीब. २००६ साली नाशिकच्या कोर्टाने सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने २००७ मध्ये तिघांची फाशी ठेवली आणि तिघांना जन्मठेप दिली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशीच दिली. गुन्हा घडला तेव्हा त्यातला एक तर अल्पवयीन होता!

मग ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने आपला आधीचा निकाल मागे घेतला आणि सहाही जणांना निर्दोष सोडलं. तोवर सोळा वर्षं गेली होती.

असं काय सापडलं? वाचलेल्या त्या बाईला घटनेनंतर लगेच पोलिसांनी आपल्याकडचे फोटो दाखवले होते आणि तिने त्यातल्या चार जणांना ओळखलं होतं. ते चौघं वेगळेच होते, या सहांपैकी कुणीच नव्हते. त्या चौघांचा तपास झालाच नाही. आणि ही गोष्ट सरकार पक्षाने कोर्टापुढे ठेवली नाही. पुढे कोर्टात बाईने या सहांना ओळखलं म्हणून शिक्षा झाली, पण तिचं पहिलं सांगणं दाबून ठेवलेलं होतं.

न्यायालयाने राज्य सरकारला प्रत्येकाला पाच लाख रुपये द्यायला सांगितलं आणि तपासात चुकलेल्या अधिकाऱ्यांवर कारवाई करायला सांगितली. मोठा गुन्हा घडला की गरीब, भटक्या माणसांना गोवलं जातं, हेही निकालात आहे. सोळा वर्षांचे पाच लाख. हिशेब तुम्हीच करा. आणि त्या बाईचा विचार करा. तिचं घर गेलं, ती बोलली, आणि तिचंच बोलणं लपवलं. म्हणजे न्याय तिलाही मिळाला नाही.

आता सरकारी वकिलाकडे येऊ. त्याच निकालात न्यायालयाने सरकारी वकिलाचं कामही सांगितलं आहे. आरोपीला कशीही करून शिक्षा लावणं हे त्याचं काम नाही. खटला सरळ चालावा आणि खरं बाहेर यावं, यासाठी तो कोर्टात उभा असतो. आरोपीच्या बाजूचा पुरावा पोलिसांच्या कागदात दिसला तर तोही त्याने कोर्टापुढे ठेवायचा, लपवायचा नाही.

लोकांचा समज मात्र उगाच झालेला नाही. आपल्या महाराष्ट्रात खालच्या कोर्टातले सहायक सरकारी वकील बरीच वर्षं पोलीस खात्याच्याच हाताखाली होते. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की त्यांना पोलिसांपासून वेगळं करा. कायद्यात ते वेगळे झाले. सवय मोडायला वेळ लागतो, म्हणून आपण विचारत राहायचं.

तुम्ही फिर्यादी असाल, म्हणजे मारहाण, अत्याचार, जमिनीची दमदाटी अशी तक्रार तुमची असेल, तर साक्षीच्या आधी सरकारी वकिलांना भेटा. त्याला पैसे लागत नाहीत. पोलिसांनी जबाबात काय लिहिलं ते वाचून दाखवायला सांगा. तुम्ही सांगितलेलं काही सुटलं असेल तर तिथेच बोला, "साहेब, हे मी सांगितलं होतं, यात नाही." आपला वकील लावून सरकारी वकिलाला मदतही देता येते. आणि सरकारने खटला मागे घ्यायचं ठरवलं तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्याप्रमाणे पीडित व्यक्तीचं म्हणणं ऐकल्याशिवाय कोर्टाला परवानगी देता येत नाही. हे फार थोड्यांना माहीत आहे.

साक्षीदाराचा जबाब पोलिसांनी तपासात लिहून घेतला तर त्यावर सही लागत नाही. कोऱ्या कागदावर तर अंगठा कधीच नको, कितीही घाई केली तरी.

आणि आपल्याच पाड्यावरच्या पोराला उचलून नेलं तर? गटाच्या वहीत लगेच लिहा: कोण आले, किती वाजता, कुठे नेलं. का धरलं हे पोलिसांनी सांगायचं असतं, घरच्यांना कळवायचं असतं आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभं करायचं असतं. तिथे मारहाण झाली का, हे मॅजिस्ट्रेटने आरोपीला विचारायचं असतं. हा आदेश सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९८३ मध्ये दिला. पत्रकार शीला बर्से यांनी मुंबईच्या तुरुंगातल्या बायकांशी बोलून पत्र लिहिलं होतं. लॉकअपमध्ये मारल्याचं त्यातल्या पाच जणींनी सांगितलं होतं. बायकांची चौकशी महिला पोलिसांसमोरच व्हावी, हेही त्याच आदेशात आहे. पण भीतीने पोरगं गप्प राहतं. म्हणून त्या दिवशी घरचं कुणीतरी कोर्टात हजर पाहिजे. मार लागला असेल तर वैद्यकीय तपासणी मागा.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. बाईला आणि आदिवासीला, उत्पन्न कितीही असो, विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो. फोन १५१००, त्याला पैसे पडत नाहीत. पुढच्या बैठकीआधी दोघी-तिघींनी जव्हारच्या कोर्टात जाऊन ही समिती कुठे बसते आणि कुठल्या दिवशी भेटते ते विचारून या, आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.